जसा इकामा तसा प्याला

रियाधच्या डिप्लोमॅटिक क्वार्टर या परकीय वकिलातींच्या वसाहतीत जानेवारी २०२४ मध्ये एक दुकान सुरू झालं. बाहेर पाटी नाही, जाहिरात तर नाहीच. आत जायचं तर मोबाइल सीलबंद पिशवीत घालावा लागतो, म्हणजे फोटो काढायचा प्रश्न मिटला. गिऱ्हाईक सुरुवातीला मुस्लिमेतर राजनैतिक अधिकारी असावं लागे, वयाची एकविशी गाठलेलं आणि सभ्य कपड्यांतलं. ड्रायव्हरच्या हाती पिशवी देऊन त्याला पिटाळायची सोय नाही. अ‍ॅपवर नाव नोंदवायचं, परराष्ट्र खात्याची संमती मिळवायची, की महिन्याला २५ गुण खात्यावर जमा होतात. कडक दारूच्या लिटरला ६ गुण, वाइनच्या लिटरला ३ आणि बियरच्या लिटरला १. एखाद्या दूतावासातल्या सचिवानं चार लिटर व्हिस्की उचलली, तर त्याच्यापाशी जेमतेम एक लिटर बियरपुरता गुण उरतो. रॉकेल आणि साखरेसाठी रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला हे गणित समजावून सांगायला नको.

सौदी सरकारनं कारण दिलं ते असं, की वकिलातींच्या राजनैतिक सामानातून येणाऱ्या दारूच्या बेकायदा व्यापाराला चाप लावायचा आहे. ही दारू तिथून काळ्या बाजारात झिरपते, हे रियाधमध्ये राहणाऱ्या कुणाला सांगावं लागत नव्हतं. जगभर दुकान गाजलं ते मात्र सत्तर वर्षांत या देशात दारूचं असं दुकान नव्हतं म्हणून. २०२५ संपता संपता त्याचं दार आणखी किलकिलं झाल्याच्या बातम्या आल्या. घोषणा नाही, कायद्यात बदल नाही. 'प्रीमियम रेसिडेन्सी' घेतलेल्या मुस्लिमेतर परदेशी धनिकांनाही आत सोडू लागले होते. वास्तव्याचा हा खास परवाना २०१९ पासून विकत मिळतो. वर्षाला एक लाख रियाल, किंवा कायमचा हवा तर एकरकमी आठ लाख. आपल्याकडून गेलेल्या हेल्परचा पगार बऱ्याचदा महिन्याला हजार-दीड हजार रियालच्या घरात असतो. त्यानं पाच वर्षांत एक रियालही खर्च केला नाही, तरी या परवान्याचं एक वर्ष पदरात पडत नाही.

गल्फमध्ये माणूस नेमका कोण आहे, हे त्याचा इकामा सांगतो. वास्तव्याचं हे ओळखपत्र खिशात नसेल तर रस्त्यावर चालता येत नाही. धंदा कोणता, मालक कोण, सगळं त्यावर असतं. दारूबंदीचा कायदा पुस्तकात सगळ्यांना सारखाच लिहिलेला आहे. व्यवहारात मात्र माणूस काय पितो, कुठल्या भिंतीआड पितो आणि पकडला गेला तर त्याचं काय होतं, हे इकामा, पगार आणि पासपोर्ट मिळून ठरवतात. या लेखात मला बोलायचं आहे ते या उतरंडीबद्दल. दारू प्यावी की नाही, हा वाद दुसऱ्या कुणी घालावा.

सौदीतली बंदी आज आहे तशी पहिल्यापासून नव्हती, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. धर्मानं दारू निषिद्ध होतीच आणि स्थानिकांना ती नव्हतीच. पण १९३२ मध्ये राज्य स्थापन झाल्यावर पुढची वीसेक वर्षं मुस्लिमेतर परदेशी लोकांच्या घरातल्या बाटलीकडे काणाडोळा केला जाई. तेल शोधायला आलेला अमेरिकन किंवा जेद्दातला ब्रिटिश वकील संध्याकाळी काय करतो, याच्याशी राजाला देणंघेणं नव्हतं. नोव्हेंबर १९५१ मधल्या एका घटनेनं हे सगळं बदललं. जेद्दातले ब्रिटिश उपवाणिज्यदूत सिरिल उस्मान यांच्या घरी राजा अब्दुलअझीझचा मुलगा मिशारी पाहुणा म्हणून येत असे. वय एकोणीसच्या आसपास. आणखी दारू द्यायला नकार मिळाला म्हणून चिडलेल्या राजपुत्रानं गोळ्या झाडल्या आणि उस्मान ठार झाले. मिशारीला बापानं तुरुंगात टाकलं (पुढे तो सुटला), उस्मान यांच्या पत्नीला भरपाई देण्यात आली आणि १९५२ मध्ये राजानं परदेशी लोकांसकट सगळ्यांची दारू बंद केली. गोळी झाडणारा राजघराण्यातला आणि शिक्षा परक्यांना, असं तेव्हा कुणी कुजबुजलं असेल तर नवल नाही.

सर्वांत मोठी पंचाईत झाली ती धहरानमध्ये. तिथे अराम्को या तेल कंपनीची अमेरिकन वसाहत होती. हिरवळ, शाळा, बेसबॉलची मैदानं आणि हजारो माणसं. पण ही माणसं कोण होती, ते पाहा. कच्च्या तेलातून पेट्रोल, केरोसीन, नाफ्था वेगळं काढणं हाच ज्यांचा पोटापाण्याचा धंदा, त्यांना साखरेच्या आंबवणातून मद्यार्क वेगळा काढणं काय अवघड! वसाहतीत घरोघरी भट्ट्या लागल्या. 'द ब्लू फ्लेम' नावाची एक पुस्तिका हातोहात फिरत असे. दारू सुरक्षितपणे कशी गाळावी, कोणता भाग फेकून द्यावा, घराला आग कशी लागू द्यायची नाही, हे सगळं तिच्यात अभियंत्याच्या शिस्तीनं लिहिलेलं होतं. या पांढऱ्या दारूला 'सिद्दिकी' किंवा नुसतं 'सिद' म्हणतात आणि हे नाव आज सौदीभर चालतं. काळ्या बाजारात ती पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून विकली जाते.

अराम्कोनंतर रियाध, जेद्दा, खोबरमध्ये परदेशी लोकांची कंपाउंडं उभी राहिली. उंच भिंती, दारावर पहारा, आत पोहण्याचा तलाव आणि बायकांना अबाया न घालता फिरायची मुभा. धार्मिक पोलीस, म्हणजे मुतव्वा, सहसा या भिंतींच्या आत येत नसत. सुपरमार्केटात द्राक्षाचा रस खोक्यानं मिळतो, साखर आणि यीस्ट काही पावलांवर असतं. मद्यार्कविरहित बियरची तर कपाटंच्या कपाटं भरलेली. कुणी एकाच वेळी बारा बाटल्या रस आणि पाच किलो साखर घेऊन गल्ल्यावर आला, तर गल्ल्यावरच्या माणसानं काय समजायचं ते समजून बिल फाडायचं. भिंतीआड शांतपणे काय कराल ते करा, शेजाऱ्याला किंवा स्थानिक माणसाला विकू नका, दारू पिऊन गाडी बाहेर काढू नका. कायद्यात न लिहिलेला हा करार दोन्ही बाजूंनी बराच काळ पाळला गेला.

करार मोडला की काय होई, त्याच्या काही प्रसिद्ध गोष्टी आहेत. मे १९७९ मध्ये जेद्दात एका ब्रिटिश डॉक्टरच्या घरी दारूची पार्टी झाली आणि पहाटे इमारतीखाली दोन मृतदेह सापडले. त्यातली एक हेलन स्मिथ, लीड्सकडची तेवीस वर्षांची नर्स. ती बाल्कनीतून पडली की आणखी काही घडलं, यावर तिचे वडील आयुष्यभर लढले. तिच्या पार्थिवाचा अंत्यविधी व्हायला तीस वर्षं लागली. यजमान दांपत्याला दारूपायी चाबकाच्या फटक्यांची शिक्षा सुनावली गेली. ती अमलात आली नाही. नोव्हेंबर २००० मध्ये रियाधमध्ये गाडीखाली बॉम्ब फुटून एक ब्रिटिश अभियंता ठार झाला. या आणि पाठोपाठच्या स्फोटांसाठी पकडले कोण, तर पाश्चात्त्यच. दारूच्या चोरट्या धंद्यातल्या हद्दीच्या वादातून त्यांनीच बॉम्ब लावले, असं सरकारचं म्हणणं. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी टीव्हीवर कबुलीही दिली. काहींना देहदंड सुनावला गेला, ऑगस्ट २००३ मध्ये सगळे सुटले आणि मायदेशी पोचल्यावर छळ करून कबुली घेतल्याचं त्यांनी सांगितलं. देशात दहशतवादी आहेत असं म्हणण्यापेक्षा दारूवाले आहेत असं म्हणणं सरकारला परवडणारं होतं. २००३ च्या मे महिन्यात रियाधच्या कंपाउंडांवरच आत्मघातकी हल्ले झाले आणि मग ती कथा कुणाच्या गळी उतरेना.

२०१४ मध्ये जेद्दात एका वयस्कर ब्रिटिश गृहस्थांच्या गाडीत घरगुती वाइन सापडली. पंचवीस वर्षं देशात काढलेली, तब्येत कॅन्सरनं खिळखिळी झालेली. वर्षाचा तुरुंग झाला. साडेतीनशे फटके बसतील या भीतीनं कुटुंबानं ब्रिटनमध्ये आवाज उठवला. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी सौदी राजवटीला पत्र लिहिलं. त्याच सुमारास ब्रिटननं सौदी तुरुंग खात्याला प्रशिक्षण देण्याच्या कंत्राटातून अंग काढून घेतलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये गृहस्थ फटके न खाता सुटले. (न्यायाधीशांच्या मर्जीनं दिली जाणारी फटक्यांची शिक्षा सौदी सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२० मध्ये बंद केली. आता दंड किंवा तुरुंग.)

हे सगळे खटले गाजले, कारण आरोपींच्या मागे त्यांचा देश आणि तिथली वर्तमानपत्रं उभी होती. त्याच तुरुंगांतल्या भारतीय, नेपाळी, फिलिपिनो माणसांची नावं कुठे छापून येत नाहीत. त्यांना ठरलेली शिक्षा होते आणि मग थेट विमानात बसवलं जातं. एक ठळक अपवाद शेजारच्या अमिरातीतला आहे. दुबईपासून अर्ध्या तासावर असलेल्या शारजात दारूबंदी आहे आणि म्हणूनच तिथल्या कामगार वस्त्यांत चोरट्या दारूचे सवतेसुभे आहेत. जानेवारी २००९ मध्ये अशाच एका मारामारीत एक पाकिस्तानी तरुण मेला आणि सतरा भारतीयांना, त्यातले जवळपास सगळे पंजाबचे, २०१० मध्ये देहदंड ठोठावला गेला. मृताच्या घरच्यांना दियाची, म्हणजे रक्तमोलाची, रक्कम देऊन ते २०१३ मध्ये परतले. ती रक्कम ३४ लाख दिरहॅमच्या आसपास होती आणि ती उभी करण्यात दुबईतल्या एका शीख उद्योजकाचा पुढाकार होता. सतरा जणांच्या गळ्याशी फास आला तो उंची स्कॉचपायी नव्हे, कामगारांच्या कॅम्पात खपणाऱ्या स्वस्त बाटलीच्या गिऱ्हाइकीपायी.

मधल्या पायरीवरची माणसंही आहेत. दम्माम-खोबरकडे नोकरी करणारे अकाउंटंट, अभियंते, नर्सेस. मराठी मंडळींची मोठी संख्या याच थरातली. त्यांच्यासाठी बहारीन आहे. १९८६ मध्ये खुला झालेला किंग फहद पूल पंचवीस किलोमीटरचा आहे. गुरुवारी संध्याकाळी त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात, कारण पलीकडे हॉटेलं, सिनेमा आणि बार. त्या रांगेत परदेशी लोकांइतकेच सौदी तरुणही असतात, हे गल्फमध्ये राहून आलेला कुणीही तुम्हांला हसत हसत सांगेल. पण पूल ओलांडायला पासपोर्ट लागतो आणि बाहेर जाऊन परत येण्याचा व्हिसा लागतो. वर्षानुवर्षं कामगाराचा पासपोर्ट कफिलाच्या, म्हणजे मालकाच्या, कपाटात आणि व्हिसा त्याच्या मर्जीवर असे. २०२१ मध्ये नियम सैल झाले. घरकामाच्या बायका आणि घरगुती ड्रायव्हर मात्र त्या सवलतीतून वगळलेलेच राहिले. एका खोलीत आठ-दहा माणसं राहतात, त्या कॅम्पातल्या माणसाला बहारीनचे दिवे कितीही जवळ असले तरी दूरच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गल्फला गेलेल्या प्रत्येकाला बाटलीची तहान लागलेली असते, हे खरं नाही. श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान तिथे पिढ्यान् पिढ्या जात आहेत. त्यांना या कायद्याचा जाच वाटायचं कारणच नाही. आणि धर्म कुठलाही असो, घरी बसलेल्या बाईला विचारा. नवरा सौदीत आहे तोवर पगार घरी येतो, ही तिच्या लेखी बंदीची सर्वांत भक्कम बाजू. महाराष्ट्रात 'उभी बाटली, आडवी बाटली' अशा मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारून गावातलं दुकान बंद पाडणाऱ्या बायका याच हिशेबानं बाहेर पडतात. त्यांना नैतिक पोलीस म्हणून हिणवणाऱ्यांशी माझं पटत नाही. माझी तक्रार बंदीच्या हेतूबद्दल नाहीच. तिचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो, याबद्दल आहे.

तो भार किती असतो, हे ऑगस्ट २०२५ मध्ये कुवेतनं दाखवलं. कुवेतनं १९६४ मध्ये दारूची आयात बंद केली आणि ऐंशीच्या दशकात पिणंही गुन्हा ठरवलं. या छोट्या देशात सुमारे दहा लाख भारतीय राहतात, म्हणजे लोकसंख्येचा पाचवा हिस्सा. गोव्याच्या सासष्टी-बारदेशातल्या कितीतरी घरांचं कुवेतशी जुनं नातं आहे. त्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कुवेतच्या रुग्णालयांत एकामागून एक कामगार येऊ लागले. पोटात कळा, उलट्या, डोळ्यांपुढे धुरकट. आरोग्य खात्यानं आधी ६३ रुग्ण आणि १३ मृत्यू सांगितले. मग आकडा १६० रुग्ण आणि २३ मृत्यूंवर गेला. सगळे आशियाई. सुरुवातीच्या निवेदनातच ५१ जणांना डायलिसिस करावं लागलं, ३१ जण व्हेंटिलेटरवर आणि २१ जणांची दृष्टी गेली किंवा अधू झाली, असं नमूद होतं. भारतीय दूतावासानं सुमारे ४० भारतीय रुग्णालयांत असल्याचं कळवलं. पोलिसांनी ६७ जणांना पकडलं. निवासी आणि औद्योगिक भागांतले दारूचे दहा अड्डे उघडकीला आले.

पत्र्याच्या डब्यात गाळलेली दारू म्हणजे विष, अशी आपली समजूत असते. रसायनशास्त्र जरा वेगळं सांगतं. साखर किंवा द्राक्षाचा रस आंबवून केलेल्या दारूत माणूस मरण्याइतकं मिथेनॉल सहसा तयारच होत नाही. धहरानच्या अभियंत्यांची सिद चवीला भिकार असेल, पण गाळणाऱ्याला आपण काय करतो ते माहीत होतं. सामूहिक मृत्यू घडतात ते कुणीतरी कारखान्यातलं मिथेनॉल आणून मिसळतं तेव्हा. ते रंग, थिनर, सॉल्व्हंटच्या धंद्यात पिंपांनी वापरलं जातं, स्वस्त असतं आणि वासाला-चवीला दारूसारखंच लागतं. पोटात गेल्यावर यकृत त्याचं फॉर्मिक आम्ल करतं आणि ते आम्ल आधी डोळ्यांच्या मज्जातंतूवर उठतं. दोन चमचेही दृष्टी घालवायला पुरतात. वाईट भाग असा, की पहिले बारा-चोवीस तास फारसं काही होत नाही. माणूस झोपून उठतो, डोकं दुखतं, त्याला वाटतं रात्रीची जास्त झाली.

हे वाचताना मालवणी आठवल्याशिवाय राहत नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. तेही मिथेनॉलच, तीही मजुरांचीच वस्ती. आणि तिथे तर दारूबंदीही नव्हती! म्हणजे नव्हती असं आपण म्हणायचं. महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि पिण्यासाठी परवाना लागतो, देशीचा एका दिवसाचा दोन रुपयांत, विदेशीचा पाच रुपयांत, हे बारमध्ये बसलेल्या किती जणांना आठवतं? या कायद्यातही रियाधच्या दुकानाचं बीज होतं. परकीय राजदूतांना खास परवाने, सैन्याच्या मेसना सूट, परदेशी पाहुण्यांना सवलत, बाकीच्यांना मात्र आरोग्याच्या कारणासाठी डॉक्टरचा कागद. हा भेदभाव समानतेच्या तत्त्वाला धरून नाही, असं मुंबईच्या एफ. एन. बलसारा यांनी कोर्टात मांडलं; १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो मुद्दा पटला नाही. ज्यांना कागद मिळाला नाही, ते माहीम-वांद्र्याच्या आंटीच्या अड्ड्यांकडे वळले. दारूबंदीचा आग्रह धरणाऱ्या मोरारजी देसाईंच्या मुंबईत उतरंड होतीच, फक्त तिथे इकाम्याऐवजी डॉक्टरची चिठ्ठी चालत असे.

पण मालवणीतला माणूस आणि कुवेतच्या कॅम्पातला माणूस यांत एक फरक राहतो आणि तो जीवघेणा आहे. मालवणीत डोळ्यांपुढे अंधारी आली की बायको रिक्षा बोलावते. कुवेतमध्ये दवाखान्यात गेलं तर पोलिसांत वर्दी जाईल, पोलिसांत गेलं की इकामा जाईल, आणि इकामा गेला की गावाकडचं कर्ज डोक्यावर ठेवून परतावं लागेल, ही भीती आधी उभी राहते. व्हिसासाठी एजंटाला दिलेले पैसे फिटायला दोन-दोन वर्षं लागतात. खोलीतले साथीदारही गप्प बसतात, कारण बाटली सगळ्यांनी मिळून आणलेली असते. चोवीस तासांपैकी वीस तास असे जातात.

या विषबाधेवर उतारा आहे आणि तो काही दुर्मीळ नाही. फोमेपिझोल नावाचं महागडं औषध आहे. ते नसेल तर उतारा म्हणून वापरतात इथेनॉल, म्हणजे पिण्याच्या दारूतला साधा मद्यार्क. यकृत त्याच्या मागे लागतं तोवर मिथेनॉलचं आम्ल होत नाही आणि डायलिसिसनं ते बाहेर काढता येतं. दारूबंदी असलेल्या देशात दारूच्या विषावर दारूचाच उतारा, हे ऐकून गंमत वाटेल. डॉक्टरांना वाटत नाही. ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या डॉक्टरांचा एक गट आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था देशोदेशीच्या रुग्णालयांना हेच शिकवत फिरतात: लक्षण ओळखा, तपासणीच्या कागदाची वाट न पाहता उतारा सुरू करा.

पुढे काय, या प्रश्नाचं उत्तर शोधताना लोक २०३४ च्या फुटबॉल विश्वचषकाकडे बोट दाखवतात. तो सौदीत होणार आहे. लंडनमधल्या सौदी राजदूतांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगून टाकलं की स्पर्धेत दारू मिळणार नाही, हॉटेलांतही नाही. कतारनं २०२२ मध्ये स्पर्धा दोन दिवसांवर आली असताना स्टेडियममधली बियर बंद केली होती. महागड्या कक्षांत बसलेल्या पाहुण्यांचे पेले मात्र भरलेलेच राहिले. सौदी त्या बाबतीत काय करेल, यावर युरोपातल्या वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने लिहिले जातील.

मला त्यात फारसा रस नाही. स्टेडियमं बांधायला जाणाऱ्या माणसांत आहे. परदेशी नोकरीला निघालेल्या कामगारांसाठी आपलं परराष्ट्र खातं प्रस्थानपूर्व प्रशिक्षणाचा एक दिवसाचा वर्ग घेतं. तिथला कायदा, बँक, दूतावासाचा पत्ता, करार कसा वाचायचा, हे त्यात सांगतात. दारू पिऊ नका, हे सांगायलाच हवं. पण त्यालाच जोडून दोन वाक्यं आणखी सांगायला हवीत: प्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुरकट दिसू लागलं, तर ती नशा नाही, आणि तुमच्या खोलीतल्या कुणाला तसं झालं, तर इकाम्याचा विचार नंतर करा, आधी त्याला रुग्णालयात न्या. दूतावासानं त्या माणसामागे उभं राहायचं की नाही, हे मात्र दिल्लीत ठरवावं लागेल आणि आधी ठरवावं लागेल. माणसं गेल्यावर काढलेल्या हेल्पलाइनचा नंबर त्या खोलीपर्यंत पोचत नाही.